टोरांटोहून कोथरूडला बुके पाठवायचा आहे, भरवशाची साइट कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे टोरांटोला असतात, आई-बाबा पुण्यात कोथरूडला. १८ मे रोजी आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. गेली दोन वर्षं त्यांनी दोन वेगवेगळ्या साइटवरून बुके पाठवले. पहिल्या वर्षी फोटोत पांढरे लिलियम आणि गुलाबी गुलाब होते, घरी आले केशरी जरबेरा, आणि तेही रात्री साडेनऊला, आई-बाबा झोपायच्या तयारीत असताना. दुसऱ्या वर्षी फुलं बरोबर आली, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुलाबांनी माना टाकल्या. आता ते म्हणतात, पैसे जास्त गेले तरी चालतील, पण भरवशाची साइट सांगा.

माझं पुण्यात फुलांचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. मधली बरीच वर्षं मी अशा साइटच्या ऑर्डरीही करून द्यायचे. म्हणजे तुमच्या त्या केशरी जरबेऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला जो कुणी होता, त्याच्या जागी मी उभी राहिलेली आहे. (ते मी पाठवलेले नव्हते. बहुतेक.)

साइटचं नाव मी सांगणार नाही, कारण साइट बदलून तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. तुमचा बुके कोण बांधतंय हे तुम्हाला माहीत नाही, आणि जो बांधतोय त्याला तो कुणाच्या घरी, कशासाठी चाललाय याचा पत्ता नाही. खरी गोम तिथे आहे. दोन वेगळ्या साइटवर दिलेल्या ऑर्डरी फिरून एकाच दुकानात येतात, हे मी माझ्याच काउंटरवर पाहिलंय.

होतं काय, तर साइटवर तुम्ही समजा १,५०० रुपयांचा बुके निवडता. ती ऑर्डर पुण्यातल्या एखाद्या दुकानदाराच्या मोबाइलवर येते. सोबत एक फोटो, पत्ता, वेळ आणि दुकानदाराला मिळणारी रक्कम. माझ्याकडे १,५०० च्या बुकेला ही रक्कम कधी १,००० असायची, कधी ९००. त्यातच पोचवणाऱ्या मुलाचे पैसे, कागद, रिबीन, कार्ड. उरलेल्यात फुलं. साइटवाले लुटतात असं मला म्हणायचं नाही. त्यांना जाहिरात करावी लागते, परदेशी कार्डावरून पैसे घ्यायची सोय ठेवावी लागते, तुमचे रागावलेले फोन घ्यायला माणसं ठेवावी लागतात. काही साइटची स्वतःची दुकानंही असतात, तिथे गोष्ट थोडी बरी असते. पण १,५०० मोजले म्हणजे १,५०० ची फुलं येतील हा हिशेब मनातून काढून टाका.

दूरच्या गावी फुलं पाठवायची ही रीत नवी नाही. १९१० साली अमेरिकेतल्या काही फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांच्या ऑर्डरी पुऱ्या करायला सुरुवात केली. तुमच्या गावच्या फुलवाल्याला सांगा, तो दुसऱ्या गावच्या फुलवाल्याला तार करेल. त्यात दोन्ही टोकांना फुलवालेच होते. मे महिन्यात अमुक फूल मागू नका, हे पहिलाच तुम्हाला तोंडावर सांगू शकत होता. आता पहिल्या टोकाला फोटो असतो, आणि तो काहीच सांगत नाही.

त्या फोटोचं दुखणं जरा नीट सांगते. फोटो एकदाच काढलेला असतो, थंडीच्या दिवसांत, निवडक फुलं घेऊन, आणि फुलं पूर्ण उमलल्यावर. आम्ही मात्र रोज पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुलबाजारात जातो. तिथे डच गुलाबाची, म्हणजे पॉलिहाउसमधल्या लांब दांडीच्या गुलाबाची, गड्डी २० नगांची मिळते, जरबेऱ्याची १० ची, लिलियमच्या १० काड्या. गुलाब येतात तळेगाव, पवनानगर या मावळातल्या पॉलिहाउसमधून. कार्नेशन बऱ्याचदा दक्षिणेकडून, ऑर्किड बराचसा थायलंडहून. आता समजा त्या दिवशी लग्नाची दाट तिथी आहे. सजावटवाल्यांनी पांढरे लिलियम पहाटेच उचललेत, जे उरलेत त्यांचा भाव दुप्पट झालाय. मला मिळणार आहेत तेच ९००. फोनवर एवढंच आहे की फोटोसारखा बुके करा. तुम्हाला विचारायचं तर तुमचा नंबर माझ्याकडे नाही. साइटला विचारायचं तर उत्तर येईस्तोवर संध्याकाळ. मग दुकानदार जरबेरा लावतो. जरबेरा हा आमच्या धंद्यातला बटाटा आहे. बाराही महिने मिळतो, कशातही चालतो आणि जागा भरतो.

म्हणून तुमचा पहिला बुके फसला तो मुख्यतः या व्यवस्थेमुळे. दुसऱ्याचं तसं नाही. फुलं बरोबर आली आणि २० तासांत माना पडल्या, यात दुकानाचाच दोष असेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आईंना एकदा विचारा, बुके ठेवला कुठे होता? माझा अंदाज, टीव्हीशेजारी किंवा टीपॉयवर, आला तसा, कागदासकट. आपल्याकडच्या बहुतेक घरांत २० दांड्या मावतील अशी फुलदाणीच नसते. स्टीलचे तांबे असतात, पण पाहुण्यांनी आणलेला इतका देखणा बुके सोडून तांब्यात ठेवायला जीव होत नाही. हातात द्यायच्या बुकेत दांड्यांच्या टोकाला ओला कापूस आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी असते. तो कापूस वाटेपुरता असतो, चार-सहा तासांचा. मे महिन्यात पुण्याचा पारा ३८-४० वर असताना तेवढाही टिकत नाही.

गुलाबाची मान का पडते तेही सांगते, म्हणजे पुढचं पटेल. दांडी कापून काही वेळ कोरडी राहिली की तिच्या बारीक नळ्यांत हवा शिरते. नंतर पाण्यात ठेवली तरी पाणी वर चढत नाही, आणि फुलाच्या खालची मऊ जागा आधी वाकते. अशा वेळी फूल गेलं असं समजून टाकायचं नाही. टोकाकडून इंचभर दांडी तिरकी कापायची, शक्य तर पाण्यात बुडवूनच, आणि फूल मानेपर्यंत खोल पाण्यात दोन-तीन तास उभं करायचं. वर ओल्या कागदाची गुंडाळी. बरीचशी फुलं पुन्हा ताठ होतात. दुकानात आम्ही बाजारातून आल्या आल्या हेच करतो, आणि त्याला म्हणतो फुलांना आधी पाणी पिऊ दे. घाईच्या दिवशी नेमकी हीच पायरी गाळली जाते. बुके दिसायला तसाच दिसतो, पण दुसऱ्या दुपारी उघडा पडतो.

टोपलीतल्या बुकेत आणखी एक भानगड असते. आत हिरवा स्पंज असतो. तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यावा लागतो. घाईत हाताने दाबून बुडवला तर बाहेरून ओला आणि मधे कोरडा राहतो, आणि त्या कोरड्या भागात खोचलेली फुलं पाण्याविना मरतात. वरून कितीही पाणी घाला, मधला भाग भिजत नाही. तुम्हाला हे बाहेरून कधीच कळणार नाही.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं?

कोथरूडमधलं किंवा जवळपासचं एक दुकान शोधलं असतं आणि थेट फोन केला असता. नकाशावर फ्लोरिस्ट म्हणून शोधलं की दहा-पंधरा नावं येतील. त्यातली काही दुकानं नसतातच, नुसते फोन नंबर असतात आणि ऑर्डर पुढे कुणाकडे तरी जाते. दुकानाने टाकलेले फोटो बघू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत पाटी, बादल्या आणि बादल्यांत फुलं दिसली म्हणजे दुकान खरं. फोन तुमच्याकडे सकाळी सातला करा. इथे तेव्हा दुपारचे साडेचार असतात, सकाळचं काम संपलेलं, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची असते. आम्ही त्या वेळी माणसासारखं बोलतो.

काय विचारायचं? "तुमच्याकडे लिलियम आहेत का?" असं विचारू नका. विचारा, "मेच्या त्या आठवड्यात चांगलं काय येईल?" समोरून "सगळं मिळेल, फोटो पाठवा" असं उत्तर आलं तर आभार माना आणि पुढचा नंबर फिरवा. "गुलाब मेमध्ये लहान येतो हो, त्यापेक्षा कार्नेशन घ्या" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. जो तुम्हाला एखाद्या फुलाला नाही म्हणतो, तो स्वतः बाजारात जातो आणि तुमच्या आईच्या घरी फूल किती दिवस राहील याचा विचार करतो. माझ्या मते भरवशाची याहून चांगली खूण नाही. दर, सूट, रेटिंग हे सगळं नंतर.

दुसरी गोष्ट, अदलाबदलीचा नियम आधीच ठरवून टाका. फूल महत्त्वाचं की रंग? तुम्हाला पांढरा-गुलाबी हवा असेल तर सांगा, "फूल बदललं तरी चालेल, रंग बदलू नका, आणि जरबेरा नको." एवढ्या एका वाक्याने तुमचं पहिल्या वर्षीचं दुखणं संपलं असतं. निघण्याआधी फोटो मागा. कुठलंही बरं दुकान तो आनंदाने पाठवतं.

आता फुलांबद्दल. यात माझी आवड-निवड येणार, ती तशीच घ्या.

मेमध्ये गुलाब हट्टाने मागू नका. उन्हाळ्यात पॉलिहाउसमधल्या गुलाबाची कळी लहान राहते, दांडी आखूड होते आणि फूल दोन दिवसांत उघडून मोकळं होतं. कार्नेशन बराच टिकतो, नीट ठेवला तर दहा दिवससुद्धा. काडीची शेवंती त्याहून चिवट. ऑर्किड उन्हाळ्यात चांगला, फक्त फ्रिजमध्ये घालायचा नाही, थंडीने तो काळा पडतो. लिलियम घ्यायचा तर कळ्या असलेला घ्या. माझ्या एका गिऱ्हाइकाने रागावून फोन केला होता, "हिरव्या शेंगा पाठवल्यात, फुलं कुठायत?" चौथ्या दिवशी त्यांचाच पुन्हा फोन, सगळं घर दरवळतंय म्हणून. साइटवरच्या फोटोतलं टपोरं उघडलेलं फूल दारात आलं तर ते उद्याचं शिळं फूल असतं. आई-बाबांना आधी सांगून ठेवा की मिटलेल्या कळ्या दिसल्या तर चांगलं आहे. आणि घरात मांजर असेल तर लिलियम अजिबात नको. त्याचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडनीला विष आहे. मांजर नसलं तरी दुकानदाराला परागाच्या तपकिरी काड्या काढायला सांगा, पांढऱ्या साडीवरचा तो डाग जात नाही.

एक गोष्ट साइटच्या फोटोत दिसत नाही आणि म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही: वास. डच गुलाबाला वास जवळजवळ नसतो. तो दिसायला आणि टिकायला तयार केलेला आहे. तुमच्या बाबांच्या वयाचे लोक दुकानात आले की पहिल्यांदा फूल नाकाशी नेतात, आणि मग माझ्याकडे असं बघतात की मी त्यांना प्लॅस्टिक विकलंय. चाळीस वर्षांपूर्वी मेमध्ये झालेल्या लग्नाच्या आठवणीत डच गुलाब नसणार. निशिगंध असेल, मोगरा असेल. तर बुकेत निशिगंधाच्या पाच-सहा काड्या घालायला सांगा. बाजारात आम्ही तिला गुलछडी म्हणतो, निशिगंध कवितेत. एकेरी फुलाची मागा, तिला वास जास्त. ती खालून वर उमलत जाते, रोज खालची सुकलेली फुलं खुडली की आठवडाभर चालते.

आणि मे म्हणजे मोगऱ्याचे दिवस. बुकेसोबत आईंसाठी एक मोगऱ्याचा गजरा सांगा. फुलांच्या दुकानात नसला तर शेजारच्या हारवाल्याकडून ते आणतील, तेवढं प्रत्येक जण करतो. बुकेच्या किमतीपुढे तो काहीच नाही. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी तोडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. सहाला घरी पोचलेला गजरा रात्रीच्या जेवणापर्यंत पूर्ण उघडलेला असतो. मी इतकी वर्षं बुके विकते, तरी सांगते, बुकेचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येईल, पण फोनवर आई गजऱ्याबद्दल बोलतील.

मी स्वतः तुमच्यासाठी बांधला असता तर पांढरी काडीची शेवंती, फिकट गुलाबी कार्नेशन, निशिगंध, आणि हिरव्यात कामिनीची पानं. जिप्सो (बारीक पांढऱ्या फुलांचा भराव) थोडासा, नसला तरी चालेल. निळे गुलाब, चमचम मारलेली पानं, टेडी बेअर यातलं काही नाही. निळा गुलाब म्हणजे रंगाच्या पाण्यात ठेवलेला किंवा रंग मारलेला पांढरा गुलाब, हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

हे सगळं काचेच्या भांड्यात मागा. हाच माझा सगळ्यात व्यवहारी सल्ला आहे. कागदात गुंडाळलेला नको, स्पंजवाली टोपली नको. साधी काचेची उभी बरणी, पाण्यासकट, दांड्या आधीच कापून बसवलेल्या. दुकानदार कुरकुर करेल, कारण दुचाकीवरून पाण्याचं भांडं नेणं त्रासाचं असतं. तो ते रिक्षाने पाठवेल आणि रिक्षाचे पैसे लावेल. द्या. तुम्ही पैसे जास्त गेले तरी चालतील म्हणालात ना, मग ते मोठ्या बुकेवर घालवण्यापेक्षा इथे घाला. घरी गेल्यावर आईंना फक्त टेबलावर ठेवायचं उरतं. भांडं पुढच्या वर्षीही उपयोगी पडतं.

वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा मागा. ऊन उतरलेलं असतं, दुपारची झोप झालेली असते, मोगरा उमलायच्या बेतात असतो. रात्री बारा वाजताची डिलिव्हरी कृपा करून नको. ती फुलं संध्याकाळी सातला बांधून ठेवलेली असतात आणि मध्यरात्री बेल वाजली की सत्तरीतल्या माणसांच्या मनात पहिला विचार बुकेचा येत नाही. तारखेचा गोंधळही टाळा. तुमच्याकडे १७ तारखेची रात्र असते तेव्हा इथे १८ ची सकाळ झालेली असते, आणि "आज पाठवा" म्हणजे कुणाचं आज, यावरून मी दोनदा तोंडघशी पडले आहे. तारीख आकड्यात लिहा, पुढे "पुण्याची वेळ" असं लिहा.

पत्त्यात सोसायटीचं नाव, विंग, मजला, गेट कोणत्या बाजूला आणि एक ठळक खूण. कोथरूडमध्ये एकाच नावाच्या दोन सोसायट्या सर्रास सापडतात. फोन नंबर आई-बाबांचा नको, शेजाऱ्यांचा किंवा पुण्यातल्या एखाद्या भावा-बहिणीचा द्या. याचं कारण सरप्राइज नाही. हल्ली वयस्कर माणसं अनोळखी नंबर उचलत नाहीत, आणि उचलला तरी "पार्सल आहे, पत्ता सांगा" म्हटलं की ठेवून देतात. त्यांचं बरोबरच आहे, फसवणुकीच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात त्यांनी. पण आमचा मुलगा गेटवर ताटकळतो आणि फुलं उन्हात. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवलं तर हे सगळं टळतं, शिवाय आई-बाबा त्या संध्याकाळी बाहेर जेवायला निघालेत का तेही कळतं.

पैशांचं म्हणाल तर छोट्या दुकानाकडे परदेशी कार्ड चालायची सोय सहसा नसते. तुमचं इथे एनआरई किंवा एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) खातं असेल तर तुमची बँक परवानगी देत असल्यास कॅनडाच्या नंबरावरूनही यूपीआय वापरता येतं, बँकेला विचारा. नाहीतर पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला भरायला सांगा. अर्धे आधी, अर्धे फोटो आल्यावर, ही रीत दोघांनाही बरी. मला अनोळखी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम लागतेच. कारण बुके कुणी नाकारला तर मी तो परत गड्डीत बांधू शकत नाही.

मेसेज असा काहीसा लिहा, मराठीत लिहिला तरी उत्तम:

"नमस्कार. १८ मे, संध्याकाळी ५ ते ६.३० (पुण्याची वेळ). आई-बाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस. काचेच्या भांड्यात पाण्यासकट फुलं हवीत. रंग पांढरा आणि फिकट गुलाबी. त्या दिवशी जे ताजं असेल ते तुम्ही निवडा, निशिगंध मात्र हवाच. जरबेरा नको. सोबत मोगऱ्याचा एक गजरा. एकूण रिक्षासकट २,००० पर्यंत. निघण्याआधी फोटो पाठवा. फोन शेजाऱ्यांना करा, नंबर देतो."

"तुम्ही निवडा" या दोन शब्दांचा परिणाम तुम्हाला तिथे बसून कळणार नाही. फोटो दिला की आम्ही नक्कल करतो, आणि नक्कल कायम थोडी कमीच उतरते. बजेट आणि रंग देऊन निवड आमच्यावर सोडली की बाजारात त्या दिवशी जे सर्वात चांगलं दिसेल ते हात आपोआप उचलतात. त्यात थोडा अहंकारही असतो, नाकारत नाही.

हे सगळं तुमच्या परिस्थितीला धरून सांगितलं: पुणे, मे महिना, वयस्कर माणसं, वेळ हातात. परिस्थिती बदलली की सल्ला बदलतो. आई-बाबा कराडला किंवा वाईला असते तर मी बुकेचा नादच सोडायला सांगितला असता. पुण्याहून दोन दिवसांनी पोचलेल्या डच गुलाबापेक्षा तिथल्या हारवाल्याकडची त्याच सकाळची शेवंती कितीतरी चांगली. तारीख १४ फेब्रुवारी असती तर भाव चढलेले आणि दुकानदाराचं डोकं फिरलेलं, मग दोन दिवस आधी किंवा नंतर पाठवा म्हटलं असतं. दसरा, लक्ष्मीपूजनाला आमचे हात झेंडूत असतात. अनंत चतुर्दशीला आणि पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी शहरातले रस्ते बंद असतात, वेळेची हमी कुणीही देऊ नये, दिली तर विश्वास ठेवू नये.

आणि साइटशिवाय इलाजच नसेल, उद्याच पाठवायचं असेल, तर निदान एक करा. मिश्र फुलांचा देखणा फोटो निवडू नका. एकाच प्रकारची फुलं निवडा, जिथे नाव आणि संख्या दोन्ही लिहिलेली आहेत. "२० गुलाबी कार्नेशन" म्हटल्यावर त्यात बटाटा घालायला जागा राहत नाही.

घरी पोचल्यावरचं थोडक्यात, हे आईंना फोनवर सांगा. भांडं पंख्याखाली, खिडकीच्या उन्हात आणि फळांच्या टोपलीशेजारी ठेवायचं नाही. हे दिवस आंब्याचे, घरात अढी असणारच. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने कार्नेशन दोन दिवसांत मिटतो. एक दिवसाआड पाणी पूर्ण बदलायचं, पाण्यात बुडणारी पानं काढायची, दर वेळी दांड्या बोटाच्या पेरभर तिरक्या कापायच्या. पाण्यात ऍस्पिरिन, नाणं वगैरे टाकायची गरज नाही, स्वच्छ पाणी पुरतं. त्यांनी त्यातली दोन-चार फुलं देवाला काढून घेतली तर घेऊ द्या, आमच्याकडचे निम्मे बुके शेवटी देवघरातच पोचतात.

म्हणजे एवढं ध्यानात ठेवा: दुकान थेट, फोन साडेचारच्या सुमाराला, रंग सांगायचा आणि फूल त्यांच्यावर सोडायचं, काचेचं भांडं, निशिगंध आणि गजरा, संध्याकाळची वेळ, शेजाऱ्यांचा नंबर. फोन आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी पुन्हा एकदा आठवण.

दुकान सापडलं नाही तर तुमचा भाग इथे लिहा, नुसता पिनकोड पुरे, घराचा पत्ता उघड्यावर लिहू नका. त्या बाजूची दोन-तीन दुकानं माझ्या ओळखीची आहेत, पहाटे बाजारात भेटतात, त्यांना विचारून सांगते. माझं स्वतःचं दुकान त्यात धरू नका. त्या आठवड्यात आमच्याकडे लग्नांची कामं आहेत, आणि तुमच्या आईंचा बुके घाईत बांधायची माझी इच्छा नाही.